रणगाडाताईचा सरदार

"दवाखान्याच्या पायरीवर ठेवून ये तिला, आणि मागं वळून बघू नकोस," बाप म्हणाला.

"आधी तुझं मुंडकं ठेवते त्या पायरीवर," आई म्हणाली.

मग भांडं आदळलं. पडलं नव्हे, फेकलं. पडलेलं भांडं गडगडत जातं. फेकलेलं एकदाच वाजतं आणि त्याच्यामागून माणूस वाजतो. हा फरक पलंगाखाली पालथी पडलेल्या पोरीला त्या दिवशी कळला. तापात तिचे दोन्ही पाय गेले होते आणि पायांबरोबर पोर जाईना, म्हणून हे भांडण. पलंगाखालून तिला दोघांच्या फक्त टाचा दिसत होत्या. बाकी सगळं तिनं कानानं पाहिलं: तळहात कसा वाजतो, पालथा हात कसा वाजतो, पट्टा अंगावर बसायच्या आधी हवेत काय बोलतो. शेवटी बाप "आई गं" म्हणाला आणि भांडण संपलं. बापाच्या कपाळावर खोक पडली ती मरेपर्यंत होती. दवाखान्याच्या पायरीचा विषय मात्र त्या घरात परत कुणी काढला नाही.

ती पोर मोठी होऊन गोष्टी लिहू लागली, त्या काही फुलपाखरांच्या निघणार नव्हत्या.

शाळा तिला आईच्या कडेवर होती तेवढीच झाली. आईची कंबर गेली, शाळा गेली. मग बापानं कुठूनशी हातानं फिरवायची तीनचाकी आणली. खालच्या चाकांना पॅडल नाही, छातीसमोर हँडल, ते गरागरा फिरवायचं. साखळीला तेल कितीही घाला, आवाज असा की मेलेला उठून बसेल. गल्ली उताराची. वरून ती सुटली की पोरं ओरडायची, "पळा रे, रणगाडा आला!" ब्रेक होता, पण तो नावापुरता. एकदा एका टारगटानं तिच्या चाकात काठी घातली. ती उलटली, दगडावर तोंड आपटलं, दात पडला. रक्ताचं तोंड घेऊन ती सरपटत त्याच्यापर्यंत गेली. तो हसत उभा होता; पळायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही, कारण सरपटणाऱ्या माणसाला कोण भितो? तिनं त्याच्या पोटरीला उरलेल्या दातांनी असा लचका घेतला की त्याच्या आईला पाणी घेऊन सोडवायला यावं लागलं.

"अगं, कुत्री आहेस का?" ती माउली ओरडली.

"कुत्रीला चार पाय असतात काकू. माझ्याकडं तेवढे कुठले?"

तेव्हापासून सगळे तिला रणगाडाताई म्हणायचे. तोंडावर नुसतं ताई. हँडल फिरवून फिरवून तिचे दंड असे झाले होते की लोणच्याच्या बरणीचं गच्च झाकण उघडायला शेजारच्या बायका तिच्याकडं यायच्या. पाय मात्र वाळल्या काटकीसारखे. घरात ती हातांवरच फिरायची. खाट, टेबल, मोरी, कपाट, सगळ्याची खालची बाजू तिला तोंडपाठ. लिहायचीही जमिनीवरच, पालथी पडून, छातीखाली उशी घेऊन, पेन्सिलीनं.

लिहायची काय? तर एक ग्रह होता म्हणे. जडग्रह. तिथली माती माणसाला इतकी ओढते की उभं राहिलं तर हाडं मोडतात. म्हणून तिथले सगळे सरपटतात. राजा सरपटतो, न्यायाधीश सरपटतो, नवरीही सरपटत बोहल्यावर येते. आणि वरून, हलक्या ग्रहावरून, लोखंडी चिलखतं घालून येतात ते 'उभे'. चिलखताच्या जोरावर ते जडग्रहावर ताठ चालतात, खालच्यांना तुडवतात, पाणी लुटतात. मग युद्ध. दर महिन्याला युद्ध. गावात एक छापखाना होता, त्याचं एक मासिक निघायचं, स्वस्त कागदाचं, रंगीत मुखपृष्ठाचं. त्यात जडग्रह क्रमशः यायचा. लेखकाचं नाव नुसती आद्याक्षरं. वाचकांना वाटायचं, कुणी पुरुष असणार. एक निवृत्त फौजी तर पत्ता काढून घरी आला. खाली जमिनीवर ताईला बघून त्यानं आधी हिच्या मागं आणखी कुणी आहे का ते पाहिलं.

"लेखक कुठं आहेत?"

"ही काय पडलेय."

तो बिचारा खुर्ची शोधून बसला. "बाई, हाणामारी तुम्ही अगदी खरी लिहिता. कुठल्या आघाडीवर होता?"

"स्वयंपाकघराच्या," ताई म्हणाली. "चहा घेता का?"

आई गेली, बाप गेला. घर दोघी बहिणींना राहिलं, ताई आणि धाकटी. धाकटी दिसायला चांगली, स्वभावानं गाय. तिचं लग्न जमलं ते त्याच छापखान्यातल्या कंपोझिटरशी. ताईची हस्तलिखितं पोचवायला धाकटी जायची, त्यात जमलं. नवरा घरजावई होऊन आला. जागा आयती, मेहुणी लेखिका. लोक म्हणाले, जोडा छान.

कंपोझिटरचं काम असं: शिशाचे खिळे, एकेका खिळ्यावर एकेक अक्षर, तेही उलटं. हस्तलिखित समोर टेकवायचं, खणातून खिळा उचलायचा, ओळीत बसवायचा. ओळ झाली की पुढची. म्हणजे ताईच्या गोष्टीतलं अक्षर न् अक्षर छापण्याआधी या माणसाच्या बोटांतून जायचं. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, एवढीच त्याची कमाई. आणि तीच त्याची मस्ती.

लग्नाचं नव्या नवलाईचं वर्षही सरलं नव्हतं तोवर भिंतीपलीकडून आवाज यायला लागले. ताईला काही विचारावं लागलं नाही. पहिला तळहाताचा. मग पालथ्या हाताचा. मग भांड्याचा, फेकलेल्या.

"काय झालं गं कानाला?" सकाळी तिनं विचारलं.

"कपाटाचं दार लागलं."

"कपाटाला उजवा हात फुटलाय का?"

धाकटी रडली आणि मग म्हणाली, "ताई, तू मधे पडू नकोस. तुला काही केलं तर?" एकदा ती पोलीस चौकीतही जाऊन आली. तिथल्यांनी तिला पाणी पाजलं आणि घरचं घरात मिटवा म्हणून परत पाठवलं. त्याचा प्रसाद तिला संध्याकाळी मिळाला.

आता ताईच्या हाती काय होतं? पेन्सिल. तिनं डोकं चालवलं. एरवी माणूस दुसऱ्याचं लिहिलेलं वाचताना डोळे फिरवतो, दोन ओळी गिळतो. पण कंपोझिटरला गिळायची सोय नाही. एकेक खिळा उचलायचा तर एकेक अक्षर बघावंच लागतं. तेव्हा याला याचंच तोंड दाखवू, खिळ्याखिळ्यानं. लाजेल. माणूस आहे, लाजेलच.

म्हणून पुढच्या अंकात उभ्यांचा एक सरदार आला. पत्र्याच्या खोलीत बायको कोंडून ठेवणारा. रोज चिलखत उतरवायच्या आधी तिच्या डाव्या कानावर मारणारा. मारण्याआधी "चल, हजेरी दे," म्हणणारा. जे भिंतीतून ऐकलं ते तिनं तस्संच लिहिलं. फक्त "हजेरी दे" एवढं पदरचं घातलं, वाक्याला वजन यावं म्हणून.

आणि इथं तिचं चुकलं.

कंपोझिटर लाजला नाही. त्यानं ते पान जुळवलं आणि छापखानाभर वाचून दाखवलं. "हा सरदार कोण माहितीये? हा मी! मेहुणीनं माझ्यावर लिहिलंय!" मशीनवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. वाचकांची पत्रं आली, सरदार झकास आहे, सरदार वाढवा. छापखान्याचा मालक स्वतः तीनचाकीशी येऊन वाकला. "ताई, तुमचे ते सरपटणारे जरा कमी करा. लोकांना सरदार हवाय."

त्या आठवड्यात भिंतीपलीकडून ताईनं ऐकलं, "चल, हजेरी दे." आणि मग डाव्या कानाचा आवाज.

पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली. आजवर हा गडी मुक्यानं मारायचा. त्याला बोलायला शिकवलं ते हिनं. सापाला दूध पाजतात हे ऐकलं होतं. हिनं त्याला दात घडवून दिले होते.

"आता तो मारताना तुझी वाक्यं म्हणतो ताई," धाकटी म्हणाली. "पाठ आहेत त्याला. आरशात बघून चालतोही तसा, छाती काढून."

"मारून टाकते त्याला," ताई म्हणाली.

"कुणाला?" धाकटी दचकली.

"सरदाराला गं. आधी त्याला."

आणि तिनं तसं लिहिलं. भर लढाईत सरदाराच्या चिलखताचा गुडघा निकामी होतो, जडग्रहाची माती त्याला खाली खेचते, आणि पत्र्याच्या खोलीतली त्याची बायको सरपटत येऊन त्याच्या गळ्याची कडी उघडते. चिलखतात हवा राहत नाही. सरदार निळा पडून मरतो. चांगलं सविस्तर मारलं तिनं त्याला, अजिबात कंजुषी केली नाही. हस्तलिखित नेहमीसारखं छापखान्यात गेलं.

अंक आला. ताईनं पालथं पडून उघडला. लढाई होती. गुडघा निकामी होत होता. आणि मग, तिच्या अक्षरांच्या जागी दुसऱ्याचीच वाक्यं: सरदार उठला. तो बायकोकडं गेला. त्यानं दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. ती पाय झाडत होती तोवर त्यानं धरला. मग तिनं पाय झाडले नाहीत. सरदार हसला आणि दार लावून बाहेर पडला.

वाक्यं ओबडधोबड, पण शुद्धलेखन बिनचूक. खिळे जुळवणाऱ्याचं असतंच.

मालकानं छापण्याआधी वाचलं नव्हतं. तो कधीच वाचायचा नाही, फक्त किती पानं झाली ते विचारायचा. कंपोझिटर मात्र त्या दुपारी लवकर घरी आला. बाहेर कडक ऊन होतं. धाकटी मोरीशी धुणं पिळत होती. ताई खाटेखाली होती, तिथं गार असायचं.

"वाचलं का लेखिकाबाईंनी?" तो दारातून म्हणाला. ताई दिसेना, म्हणून तो धाकटीकडं वळला. "तुझी बहीण मला मारायला निघाली होती, माहितीये? मला! शेवट बदलला मी. आवडला का विचार तिला."

"मला नाही कळत त्यातलं," धाकटी म्हणाली. पिळलेला कपडा तिच्या हातात तसाच होता.

"ये, कळवतो."

खाटेखालून ताईला टाचा दिसल्या. त्याच्या दोन, चपलांसकट. धाकटीच्या दोन, ओल्या. मग धाकटीच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. आवाज काहीच नव्हता. तळहात नाही, पट्टा नाही, भांडं नाही. गळा धरल्यावर आवाज होत नाही, हे ताईनं इतकी वर्षं लढाया लिहून कधी लक्षात घेतलं नव्हतं.

ती हातांवर निघाली. तो मागं बघत नव्हता आणि खाली तर नाहीच. ओल्या फरशीवर तिनं त्याचा एक घोटा दोन्ही पंज्यांत धरला आणि तीनचाकीचं हँडल ओढावं तसा छातीकडं ओढला. एवढा धिप्पाड माणूस, पण उभ्या माणसाचा सगळा डौल दोन घोट्यांवर. तो तोंडावर आला. मोरीच्या कठड्यावर हनुवटी आपटली. धाकटी सुटून भिंतीशी कोसळली आणि खोकायला लागली. तो खोकला ऐकला तेव्हा ताईच्या जिवात जीव आला.

मग जे झालं ते लिहायलाही हात जड होतो, पण झालं ते झालं. खाली पडल्यावर त्याला काही सुचेना. तो उठायला बघायचा, आणि उठायला बघणारा माणूस हात जमिनीला टेकतो. टेकला की ताई तो हात काढून घ्यायची. त्यानं लाथा झाडल्या, त्या तिच्या पायांवर बसल्या. तिथं तिला काही कळतच नव्हतं. त्यानं केस धरले. तिनं कानाला दात लावले, डाव्याच. तोंडात रक्त आलं ते तिनं थुंकलं. तो ओरडला, "सोड! सोड गं! मरेन मी!" शेवटी त्याचा उजवा हात तिच्या छातीखाली सापडला. तिनं अंगठा धरला आणि मागं नेला. मग शेजारचं बोट. मग त्याच्या शेजारचं.

आजवर तिच्या गोष्टींत हाडं 'कडाड' मोडायची. तसं काही नसतं. हाड अगदी हळू मोडतं, पाटीवरची पेन्सिल मोडते तेवढंच. त्याही घटकेला तिच्या मनात आलं की इतके दिवस आपण चुकीचं लिहीत होतो.

"ताई, पुरे," धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ताई, बास झालं गं."

तिनं सोडलं. तो दारापर्यंत सरपटत गेला आणि उंबऱ्याबाहेर गेल्यावर मगच उभा राहिला.

छापखान्यात त्यानं सांगितलं, हात मशीनमध्ये सापडला. मशीनवाला म्हणाला, मशीन तर बंद होतं. पण कुणी फार खोलात गेलं नाही. पांगळ्या मेहुणीनं बोटं मोडली हे सांगण्यापेक्षा त्याला मशीन परवडलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, मग ती मोडकी का असेना. अंगठ्याविना कंपोझिटर म्हणजे जिभेविना गवई. तो भावाकडं राहायला गेला.

आणि ताईला त्याचाच राग! मशीनचं नाव व्हावं? ती लेखिका होती, आपल्या कामाखाली आपलं नाव नको? ती ज्याला त्याला सांगायची, वाण्याला, शेजारणीला, चौकीतल्या पोलिसालासुद्धा.

"त्याची बोटं मी मोडली. एकेक करून."

पोलीस खो खो हसला. "ताई, तुमच्या गोष्टी म्हणजे ना! जडग्रहावर का?"

"इथं. मोरीपाशी."

"बरं बरं. पुढच्या अंकात लिहा, आमची बायको वाचते."

कपाळाला हात लावायची वेळ. जन्मभर थापा मारल्या त्या लोकांनी खऱ्या मानल्या, आणि एकदा खरं बोलली तर म्हणे गोष्ट.

काही महिन्यांनी तो थोरल्या भावाला घेऊन दाराशी आला. हात फडक्यात. भाऊ समजूतदार आवाजात बोलत होता, नवराबायकोत व्हायचंच, झालं गेलं विसरा, संसार तोडू नका, बाईमाणसानं एकटं राहायचं म्हणजे काय. धाकटी आत दाराआड उभी होती. आपण नाही म्हणू याची खात्री तिची तिलाच नव्हती. आजवर ती कुणालाच नाही म्हणाली नव्हती. ताई उंबऱ्याच्या आत, फरशीवर, भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या शेजारची फरशी हातानं पुसली.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "दारात कशाला बोलायचं? या ना, मेहुणे. बसा. इथं खाली बसा माझ्यापाशी."

मेहुणे त्या पुसलेल्या फरशीकडं बघत राहिले. मग भावाकडं. मग म्हणाले, "नको. राहू दे. चल दादा."

"अरे, बसा म्हणतायत तर—"

"चल म्हणतो ना!"

भावाला शेवटपर्यंत कळलं नाही काय झालं. धाकटी बाहेर आली आणि पहिल्यांदा आपल्या हातानं तिनं ते दार लावलं.

छापखान्याला कंपोझिटर हवाच होता. धाकटी रोज जाऊन खणांपाशी उभी राहू लागली. आधी मालक नको म्हणाला, मग बघू म्हणाला, मग उशीर का झाला म्हणाला. उलटी अक्षरं तिला सुलट्यांपेक्षा लवकर आली. सरदाराचं काय करायचं हा प्रश्न होता. वाचक त्याच्यासाठी अडून बसले होते. ताईनं त्याला मारलं नाही. गुडघा पुन्हा निकामी होऊन जडग्रहाच्या एका वाटेवर तो आडवा पडून राहिला, चिलखतात, जिवंत. सैन्यं त्याच्या शेजारून सरपटत जायची, यायची. दर अंकात कुणी ना कुणी त्याला वळसा घालून पुढं जायचं. वाचक चिडले, पत्रं आली. मालक म्हणाला, "एकतर मारा, नाहीतर उठवा."

"पडू द्या," ताई म्हणाली.

असं पुष्कळ वर्षं चाललं. ताईचे केस पांढरे झाले, खांदे दुखायला लागले, दम लागायला लागला. डॉक्टरनं तीनचाकी बंद करा म्हणून सांगितलं. ताईनं मान हलवली आणि साखळीला तेल घातलं. पाय नसलेल्या माणसाला फिरू नका म्हणणारा डॉक्टर तिला मोठा विनोदी वाटला.

धाकटी छापखान्यात लागल्यापासून हस्तलिखित ताई स्वतःच पोचवायची. तिची शेवटची खेप सकाळची होती. गठ्ठा दोरीनं बांधून मांडीवर, वर एक वीट, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून. उतारावर पोरं ओरडली, ती गाडी त्यांच्या अंगावर घालते असं दाखवून गेली. वाण्याच्या कोपऱ्यावर एक कुत्रं वाचलं. छापखान्याच्या दारात तिनं नेहमीसारखं चाक पायरीला आपटून थांबवलं, ब्रेकवर तिचा कधीच विश्वास नव्हता. धाकटी चष्मा कपाळावर सरकवून बाहेर आली. तिची बोटं शिशानं काळी झाली होती.

"केवढं हे! मागच्या खेपेपेक्षा जाड आहे."

"लढाई मोठी आहे."

"किती मेले?"

"मोजते कुठं. तू मोज, तुला वेळ आहे."

"अक्षर बघ गं तुझं, कोंबडीचे पाय. हा काय शब्द आहे?"

"आतडी."

"सकाळी सकाळी," धाकटी म्हणाली आणि गठ्ठा काखेत मारला. "दुपारी येताना तुझ्यासाठी पेन्सिली आणू?"

"मऊ आण. मागच्या खरखरतात."

"दम खा जरा. पाणी देऊ?"

"घरी पिईन. चढ आहे, ऊन व्हायच्या आत निघते."

तिनं वीट परत मांडीवर घेतली, गाडी फिरवली, आणि हँडल गरागरा फिरवत चढाला लागली.